क्यू म्हणजे छ : कोल्हापूरच्या एका दूरस्थ चिनी वर्गाचा प्रकरण अभ्यास

सहावीतल्या मुलाला म्हणायचं होतं, ‘मी पळालो’. पलीकडे बसलेल्या चिनीभाषक शिक्षिकेला ऐकू आलं, ‘माझं पोट भरलं’. वाक्याची रचना बरोबर होती, सूरही बरोबर होता (चिनीत आवाजाच्या चढउताराने शब्द बदलतो). रोमन अक्षरांत तो शब्द पी या अक्षराने सुरू होतो. मुलाने पीचा उच्चार इंग्रजीच्या तासाला करतात तसा, म्हणजे मराठी प सारखा केला. चिनीत पी हे अक्षर फ साठी वापरतात. प साठी बी आहे. वर्ग सुरू होऊन तेव्हा दहा आठवडे झाले होते आणि सोळातली बहुतेक मुलं असंच बोलत होती. इतके दिवस ते कुणाच्या कानाला का लागलं नाही आणि कळल्यावर काय केलं, त्याची ही नोंद.

वर्ग नमुन्याचा आहे. अशा वर्गांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एका वर्गात बसवून मांडल्या आहेत, म्हणून शाळेचं किंवा माणसांचं नाव दिलेलं नाही.

वर्गाची मांडणी

राजारामपुरी भागातली सेमी-इंग्रजी शाळा, सहावी-सातवीची १६ मुलं. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी साडेसहा ते सव्वासात घरून मोबाइलवर तास. शनिवारी शाळा सुटल्यावर संगणकाच्या खोलीत सगळे एकत्र, प्रोजेक्टरवर. शिकवणाऱ्या मॅडम पुण्याच्या, मातृभाषा मराठी. शनिवारी खोलीत विज्ञानाचे सर असतात. त्यांना चिनी येत नाही. पंधरवड्यातून एकदा २० मिनिटं तैवानमधल्या शिक्षिका मुलांशी बोलतात.

तैवान का, हे पालक पहिल्याच सभेत विचारतात. भारत सरकारने २९ जून २०२० रोजी ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात वुईचॅट होतं. चीनमधली शाळा, शिक्षक आणि पालक यांचा बराचसा व्यवहार त्याच अ‍ॅपवर चालतो. उलट गूगल मीट आणि व्हॉट्सअ‍ॅप तिकडे सरळ चालत नाहीत. म्हणजे चीनमध्ये बसलेला शिक्षक आणि कोल्हापुरातलं मूल या दोघांना सहज उघडेल असं एकच दार शोधायचं म्हटलं तर पंचाईत होते. तैवान किंवा सिंगापूरला ही अडचण नाही. वेळेचा फरक सगळीकडे सारखाच, अडीच तास. कोल्हापुरात साडेसहा वाजले की तिकडे रात्रीचे नऊ. सातनंतरचा तास ठेवला तर समोरचा माणूस जांभया देत शिकवतो.

चिनी हा शाळेचा गुणांचा विषय नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या २०१९ च्या मसुद्यात परकीय भाषांच्या यादीत चिनीचं नाव होतं, जुलै २०२० च्या अंतिम धोरणात ते राहिलं नाही. त्यामुळे हा तास शाळेच्या वेळेबाहेर, पालकांच्या हौसेवर आणि फीवर चालतो. हौस कुठून येते ते कोल्हापुरात वेगळं सांगायला नको. शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत ज्यांचं मशीन शॉप आहे, त्यांना चीनहून आलेल्या मशीनचं पॅनेल वाचता येणारं माणूस घरात हवं असतं.

वर्गापुढे ध्येय होतं वायसीटीची पहिली पायरी. शाळकरी मुलांसाठीची ही परीक्षा चार पायऱ्यांची आहे. पहिलीला ८० शब्द, दुसरीला १५०, तिसरीला ३००, चौथीला ६००. पहिल्या पायरीत ऐकण्याचे २० आणि वाचण्याचे १५ प्रश्न असतात. चिन्हांसोबत रोमन अक्षरंही छापलेली असतात. बोलण्याची परीक्षा वेगळी द्यावी लागते. याचा अर्थ सरळ आहे. ज्या मुलाचं चिनी बोलणं चिनी माणसाला कळत नाही, तेही ही परीक्षा चांगल्या गुणांनी पास होऊ शकतं.

चूक लपली कुठे

रोमन लिपीत चिनी लिहिण्याची पद्धत म्हणजे पिनयिन. ती चीनमध्ये १९५८ साली मंजूर झाली आणि चिनी मुलांना साक्षर करायला बनवली गेली. इंग्रजी वाचणाऱ्याची सोय बघणं हा तिचा हेतूच नव्हता. जी रोमन अक्षरं मोकळी होती ती चिनी ध्वनींना वाटून टाकली, इतका साधा मामला. कोल्हापूरच्या मुलाची या अक्षरांशी ओळख मात्र इंग्रजीच्या पुस्तकातून झालेली. म्हणून सात हा आकडा ‘छी’ असायचा तो ‘क्वी’ होतो, भाजी ‘त्साय’ची ‘काय’ होते, आभाराचं ‘शिएशिए’ हे ‘झिएझिए’ होतं. या ढोबळ चुका पहिल्या महिन्यात निघाल्या. ‘छी’ तर मुलं एकदा ऐकून विसरलीच नाहीत. घाण दिसल्यावर म्हणतात ते छी, फक्त एका सपाट उंच सुरात.

चिवट चुका पी, टी, के यांच्या. मराठी माणूस पेन, टेबल, कप म्हणताना प, ट, क च म्हणतो आणि इथल्या इंग्रजीत त्याने काही बिघडत नाही. चिनीत बी-पी, डी-टी, जी-के या जोड्यांमधला फरक महाप्राणाचा आहे: प-फ, त-थ, क-ख. ब, द, ग हे घोष आवाज तिथे वेगळे शब्द करतच नाहीत. मुलाने पीला प म्हटलं की चिनी कानाला ते बी वाटतं, टीला ट म्हटलं की डी वाटतं. ससा आणि पोट या दोन शब्दांत एवढाच फरक आहे. सशाला थ, पोटाला त, पुढचं सगळं सारखं, सूरही दोन्हीकडे चौथाच. चित्रातल्या सशाकडे बोट दाखवून अख्खा वर्ग दहा आठवडे पोट म्हणत होता.

उलट बाजूला नुकसान कमी. वडिलांसाठीचा चिनी शब्द बीने लिहितात, आवाज ‘पापा’च्या जवळचा. मुलं ‘बाबा’ म्हणून मोकळी होतात आणि चिनी माणूस ते चालवून घेतो, कारण त्याच्या भाषेत तसा वेगळा ब नाहीच. तेव्हा वेळ कमी असेल तर आधी पी-टी-के धरावं, बी-डी-जीची घाई करू नये.

ही चूक कळली नाही याचं पहिलं कारण सामूहिक पाठांतर. व्हिडिओ कॉलवर आवाज पोचायला थोडा वेळ लागतो आणि प्रत्येकाचा वेगळा लागतो, त्यामुळे सोळा जणांचं एकसुरात म्हणणं गोंगाट होतं. म्हणून मुलांचे माइक बंद ठेवून ‘माझ्यामागून म्हणा’ असं चाललं होतं. मॅडमना ओठ हलताना दिसत होते. दुसरं कारण, मॅडम स्वतः मराठी. मूल एकटं बोललं तरी त्याला काय म्हणायचंय ते त्यांना आधीच माहीत असायचं आणि मराठी धाटणीतलं चिनी त्यांच्या कानाला खुपायचं नाही. हा दोष कुणाही शिक्षकात येतो; आपल्या विद्यार्थ्याची भाषा आपल्याला कळायला लागते. तिसरं कारण कीबोर्ड. पिनयिनने टाइप करताना अक्षरं बरोबर दाबली की चिन्ह बरोबर येतं, तोंडातून काय निघतं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. सूरही टाइप करावा लागत नाही. गृहपाठ सगळा टाइप केलेला असल्याने तो नेहमी बिनचूक यायचा.

नेटवर्कवर फोडलेलं खापर

तैवानच्या शिक्षिकांनी तक्रार केल्यावर शाळेचा पहिला उपाय ठरला: चांगले इअरफोन. काही पालकांनी ब्लूटूथचे आणले आणि आवाज आणखी बिघडला. ब्लूटूथवर गाणं ऐकताना दर्जा चांगला असतो, पण माइक चालू झाला की जोडणी कॉलच्या हलक्या मार्गावर जाते. तिथे आवाजाचे सेकंदाला ८ हजार किंवा १६ हजार नमुने घेतात, म्हणजे ४ किंवा ८ किलोहर्ट्झवरचं काहीच पुढे जात नाही. स, श, ष यांना एकमेकांपासून वेगळं करणारी सळसळ बरीचशी याच वरच्या पट्टीत असते. साधा तारेचा इअरफोन इथे सरस ठरतो.

दुसरा चोर म्हणजे कॉलमधली गोंगाट गाळण्याची सोय. पंखा, मिक्सर, रस्त्यावरचा हॉर्न काढून टाकताना ती फ, थ, ख मधला हवेचा झोतही गोंगाट समजून कापते. मूल बरोबर फ म्हणतं आणि पलीकडे प पोचतो. शिकवणाऱ्याच्या आणि बोलणाऱ्या मुलाच्या अ‍ॅपमध्ये ही सोय बंद किंवा किमान ठेवायची आणि पंखा खरोखरच बंद करायचा.

सुरांची गोष्ट उलटी आहे. सूर म्हणजे आवाजाची चढउतार. ती साध्या फोनच्या ३०० ते ३,४०० हर्ट्झच्या अरुंद पट्टीतूनही नीट जाते. चिनी लोक जुन्या लँडलाइनवर बोलतच होते की. म्हणून सुराची चूक दिसली तर ती नेटवर्कवर ढकलता येत नाही, ती तोंडातलीच असते. स-श-ष आणि महाप्राण यांच्या चुकीबद्दल मात्र आधी खातरजमा करावी. मुलाने तीच पाच वाक्यं फोनच्या रेकॉर्डरवर बोलून ती फाइल पाठवायची आणि मॅडमनी ती थेट तासातल्या बोलण्याशी ताडून बघायची. फाइलमध्ये बरोबर आणि कॉलवर चूक असेल तर यंत्र बदला. दोन्हीकडे चूक असेल तर तोंड बदलायचं आहे. या वर्गात स-श चा गोंधळ निम्मा यंत्राचा निघाला, पी-टी-के चा जवळपास सगळा तोंडाचा.

तीन आठवड्यांचा तक्ता

अकराव्या आठवड्यात नवे शब्द थांबवले. रोमन अक्षरं झाकून देवनागरीचा एक तक्ता लावला. चार ओळींचा.

पहिली ओळ प-फ, त-थ, क-ख. मराठी मुलाला हा भेद जन्मापासून येतो, नुसतं कोणतं रोमन अक्षर कुठे बसतं एवढं सांगायचं. एकच खोच फ ची. ‘फोन’ म्हणताना आता बहुतेक मुलं खालचा ओठ दातांना लावतात, आणि चिनीत तोही आवाज वेगळा आहे, भातासाठीचा ‘फान’ तसाच म्हणतात. पीसाठी दोन्ही ओठ मिटून उघडणारा, जुन्या माणसांच्या तोंडी ‘फळ’मध्ये येतो तो फ हवा. पतंगाच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी ओठांपासून चार बोटांवर धरायची. दोन ओठांच्या फ ला ती एकदम उडते, प ला जागची हलत नाही, दातांच्या फ ला नुसती थरथरत राहते. मुलाने कॅमेऱ्यासमोर एका कुशीला वळून बसायचं, म्हणजे पट्टी दिसते. आवाज ऐकूच आला नाही तरी चूक पकडता येते, हा या पट्टीचा मोठा फायदा.

दुसरी ओळ चहातला च, छ आणि श. रोमनमध्ये जे, क्यू, एक्स. तिसरी ओळ चाकातला च, त्याचा महाप्राण आणि स. रोमनमध्ये झेड, सी, एस. इथे मराठीचं नशीब जोरावर आहे. चहातला आणि चाकातला असे दोन च बोलणारी मुलं या दोन ओळींत घोटाळत नाहीत. ‘चिंच’ या एका शब्दात दोन्ही येतात, पहिला चहातला, दुसरा चाकातला. आणि निरोप घेतानाच्या चिनी ‘त्साय-चिएन’मध्ये ते उलट्या क्रमाने येतात. लिपीत दोन्ही एकाच अक्षराने लिहितो म्हणून तक्त्यावर चाकातल्या च खाली लाल टिंब दिलं. घरी हिंदी, उर्दू किंवा कन्नड बोलणाऱ्या मुलांना हा च पुन्हा ऐकवावा लागला. सी या अक्षराचा आवाज, म्हणजे चाकातल्या च चा महाप्राण, मराठीतही नाही. तिथे परत कागदाची पट्टी: लाल टिंबाचा च म्हणत राहायचं आणि पट्टी उडेपर्यंत हवा वाढवायची.

चौथी ओळ झेडएच, सीएच, एसएच, आर. ट म्हणताना जिभेचं टोक जिथे वळतं तिथून घासत काढायचे हे आवाज. एसएच म्हणजे खरा ष, जो मुलं ‘षटकोन’मध्ये लिहितात पण श च म्हणतात. आर म्हणजे त्याच जागेवरून घशाचा आवाज मिळवून काढलेली गुरगुर. आपला र तिथे चालत नाही. स्वरांत दोन अवघड. मराठी ई हा उच्चार चालू ठेवून जीभ न हलवता ओठांचा चंबू केला की दोन टिंबांचा यू निघतो. दुसरा रोमन ई, म्हणजे इंग्रजीतलं पाचवं अक्षर. त्याचा आवाज ए नाही. अ म्हणताना जीभ मागे ओढून, ओठ न गोलवता तो काढायचा.

सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं (१९१०–१९४२) चिनी नाव या तक्त्याची तोंडी परीक्षा म्हणून वापरलं. रोमनमध्ये ते केने सुरू होतं, पुढे डी आहे. इंग्रजी सवयीने वाचलं तर ‘के दिहुआ’, चिनीत जवळपास ‘ख तीहुआ’. तीन अक्षरांत तक्त्याची पहिली ओळ आणि तो अवघड स्वर दोन्ही आले.

तक्ता तीन आठवड्यांनी भिंतीवरून काढला, वहीतली पानंही फाडायला लावली. काही पालकांना ते खटकलं, मुलांना सोपं जात होतं तेच का काढता म्हणून. कारण असं की देवनागरीत लिहायला घेतलं की मूल एक्स, एसएच आणि एस या तिघांना हळूहळू एकाच ‘शि’वर आणून ठेवतं, सूर लिहिता येत नाहीत, आणि नजर चिन्हाकडे जायची थांबते. देवनागरी जिभेला जागा दाखवायला उत्तम, वाचायला घातक. वहीत चिनी वाक्याखाली देवनागरी लिहिलेली दिसली की ते पान पुन्हा लिहायचं, हा नियम शेवटपर्यंत ठेवला.

सूर

चार सुरांबद्दल जितकं बोललं जातं तितका त्रास त्यांनी दिला नाही. पहिला उंच सपाट, भजनात पेटीची एकच पट्टी दाबून धरतात तसा. दुसरा खालून वर, नीट ऐकू न आल्यावरचं ‘आं?’. चौथा वरून खाली आपटणारा, ‘गप!’. तिसरा पुस्तकात खाली जाऊन वर येणारा दाखवतात, पाच पायऱ्यांच्या मोजमापात (१ सगळ्यात खाली, ५ सगळ्यात वर) २१४, आणि तिथेच घोळ होतो. मुलं बोटाने हवेत खड्डा काढत प्रत्येक तिसरा सूर लांबवतात. प्रत्यक्ष बोलण्यात वाक्याच्या मध्ये तो वर येतच नाही, दबलेला राहतो, २१ इतकाच. आईने चौथ्यांदा हाक मारल्यावर कुरकुरत निघणारं ‘बरं…’ ते हेच. तिसऱ्याला सरळ ‘खालचा सूर’ म्हणून शिकवावं. तिसऱ्या सुरापुढे तिसराच आला तर त्या दोघांतल्या आधीच्याचा दुसरा सूर होतो. ‘नी हाओ’ हे त्याचंच उदाहरण, पहिल्या दिवशी शिकवतात आणि सहसा चुकीचं शिकवतात.

सुटा सूर घोटून उपयोग नाही. चार सुरांपुढे चार सूर आणि एक हलका, म्हणजे बिनजोराचा सूर अशा २० जोड्या होतात, त्यातली तिसरा-तिसरा ऐकायला दुसरा-तिसरा सारखीच. रोज चार जोड्या, प्रत्येकीला एकच ओळखीचा शब्द. आठवड्यात चक्र पूर्ण होतं.

दूरस्थ वर्गाची खास चूक अशी की मूल बिचकलं की शब्द विचारल्यासारखा उच्चारतं, शेवट वर जातो, आणि सगळे सूर दुसरे होतात. मॅडमना वाटतं सूर कळला नाही; खरं तर मुलाला शब्दाचीच खात्री नसते. शब्द तीनदा म्हणायला लावून तिसऱ्या वेळचाच मोजायचा. सातवीतल्या ज्या मुलांचा आवाज फुटतोय त्यांना मॅडमच्या पट्टीत म्हणायला लावू नये. आपल्याच आवाजात वर कुठे, खाली कुठे, एवढं ठरवलं की पुरतं.

चार आणि दहा हे दोन आकडे सूर आणि व्यंजन दोन्ही एकदम तपासतात. चार म्हणजे स, चौथा सूर. दहा म्हणजे ष, दुसरा सूर. चौदा म्हणजे दहा-चार, चाळीस म्हणजे चार-दहा. चौदा, चाळीस, चव्वेचाळीस हे तीन आकडे उलटसुलट सांगून पलीकडच्याने लिहून घ्यायचे. दोन मिनिटांत वर्गाची प्रकृती कळते.

व्हॉइस नोट आणि तासाचं गणित

सोळा मुलांनी प्रत्येकी १५ सेकंद एकट्याने बोलायचं म्हटलं तर एका फेरीला चार मिनिटं लागतात. ४५ मिनिटांच्या तासात अशा तीन फेऱ्या बसवल्या: सुरुवातीला, मध्ये आणि संपताना. एक मूल बोलताना बाकीच्यांनी ऐकलेलं वहीत लिहायचं, म्हणजे बाकीचे रिकामे राहत नाहीत. नवीन भाग १५ मिनिटांच्या वर नाही. उरलेला वेळ लिहिणं आणि जोडीने विचारणं-सांगणं.

खरा फरक व्हॉइस नोटने पडला. दर मुलाच्या आठवड्याला तीन, प्रत्येकी जास्तीत जास्त २० सेकंद. ४८ नोट ऐकायला १६ मिनिटं, उत्तरं द्यायला साधारण अर्धा तास. उत्तर आवाजातच द्यायचं, लिहून नाही. एका उत्तरात एकच चूक सांगायची, मग चुका पाच का असेनात. कोणती सांगायची याचा क्रम ठरलेला होता, आधी महाप्राण, मग सूर, मग स-श-ष, स्वर शेवटी. मुलाने तीच नोट एकदाच पुन्हा करायची. तिसऱ्यांदा करायला लावलं की मुलं पाठवणंच थांबवतात. नोट पालकांच्या फोनवरून थेट मॅडमना जाते, गटात टाकायची नाही. दुसऱ्याचं ऐकून नक्कल होते, शिवाय मुलांचे आवाज बारा ठिकाणी फिरवायची गरजही नसते. महिन्याला जुन्या नोट पुसायच्या, पहिली आणि शेवटची तेवढी ठेवायची.

चौकटीची वही

चिनी चिन्हं लिहायला तिकडे मध्ये फुलीसारखी रेघ असलेल्या चौकोनांची वही मिळते. ती मागवायची गरज नाही. गणिताच्या चौकटीच्या वहीत दोन बाय दोन चौकटी मिळून एक घर धरलं की मधल्या रेघा आपोआप मिळतात. तासाला चार नवी चिन्हं ओळखायची, त्यातली दोन लिहायची. ‘मी’ आणि ‘तू’ दोन्ही सात रेघांची आहेत, ती पहिल्या आठवड्यात लिहायला देणं म्हणजे हात मोडणं. आधी माणूस, दोन रेघा; तोंड, तीन; मोठा, तीन; झाड, चार.

मराठी हाताची एक हमखास चूक आहे. आपण अक्षर आधी काढतो आणि शिरोरेघ शेवटी ओढतो. चिनीत वरची आडवी रेघ आधी. ‘मोठा’ आणि ‘आकाश’ लिहिताना मुलं खालचे दोन पाय काढून मग वरून रेघ मारतात. दिसायला चिन्ह तेच, पण फोनवर बोटाने लिहून शोधताना ओळखलं जाईलच असं नाही, आणि घाईत लिहिलं की आकार बिघडतो. तोंडाचा चौकोन मुलं चार रेघांत काढतात किंवा एका फटक्यात. तो तीन रेघांचा आहे, डावी उभी, वरची आडवी वळून खाली, शेवटी तळ. रेघेच्या लांबीचंही तसंच. माती आणि विद्वान या दोन चिन्हांत फरक एवढाच की एकात खालची रेघ लांब, दुसऱ्यात वरची. देवनागरीत रेघेच्या लांबीने अर्थ बदलत नाही, त्यामुळे डोळा तिथे जातच नाही.

झालेलं चिन्ह पाहून क्रम कळत नाही, हात दिसायला हवा. फोन पुस्तकांच्या थप्पीवर आडवा ठेवून, निम्मा बाहेर काढून, मागचा कॅमेरा वहीवर. वर वजनाला कंपासपेटी. पुढचा कॅमेरा वापरला तर मुलाला स्वतःचं चित्र उलटं दिसतं आणि ते चिन्ह उलटं काढू लागतं, पलीकडे मात्र सरळच दिसत असतं. मॅडमनी हवेत बोटाने रेघा काढून दाखवताना मुलांकडे पाठ करायची, नाहीतर डावं-उजवं उलटतं.

शनिवारची खोली

चिनी न येणारे सर हा वर्गाचा सगळ्यात उपयोगी माणूस ठरला, हे मान्य करायला शाळेला वेळ लागला. त्यांच्याकडे चार कामं: प्रत्येक मुलाची पट्टी उडते का, लिहिताना आडवी रेघ आधी येते का, कोण गप्प आहे, आणि स्पीकर कुठे ठेवलाय. फरशीच्या खोलीत एका कोपऱ्यातल्या स्पीकरचा आवाज घुमतो आणि मागच्या बाकावर स-ष एकच ऐकू येतात. दोन लहान स्पीकर मुलांच्या मध्ये, आवाज कमी, खिडक्यांचे पडदे ओढलेले, तेवढं पुरलं.

जुलै-ऑगस्टमध्ये ही खोली भरवशाची नसते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली की चिखलीकडची मुलं येणं बंद, ४३ फुटांच्या धोका पातळीनंतर शाळाच बंद, आणि वीज गेली की घरचा तासही नाही. त्या आठवड्यांसाठी कार्डशीटचे ८० तुकडे कापून ठेवले होते: पुढे चिन्ह, मागे चित्र आणि सुराच्या रंगाचं टिंब. रोज वीस, जे अडेल ते उद्याच्या गठ्ठ्यात, जे आलं ते चार दिवसांनी. दिवाळीच्या सुट्टीनंतरही चिन्हं टिकली ती कार्डांवर. उच्चार मात्र घसरले होते आणि पहिला आठवडा पट्टीवरच गेला.

काय सुटलं, काय राहिलं

पी-टी-के चार आठवड्यांत सुधारले. चाकातला च कुणालाच जड गेला नाही. दोन टिंबांचा यू निम्म्या मुलांचा अजून ऊ आहे, आणि वाचताना बरोबर येणारे सूर स्वतःचं वाक्य बनवताना गळतात. पहिल्या पायरीच्या परीक्षेत यातलं काही दिसणार नाही, म्हणून शाळेने तिच्याआधी स्वतःची तोंडी घ्यायची ठरवली: बारा चित्रं, मुलाने शब्द म्हणायचा, तैवानच्या शिक्षिकांनी चित्र न बघता ऐकलेला शब्द लिहायचा. जुळले तेवढे गुण. त्यात ससा आणि पोट दोन्ही आहेत.

तैवानच्या शिक्षिकांबाबत मतभेद राहिला. तिकडे जुनी चिन्हं चालतात, घोड्याच्या तीन रेघांऐवजी दहा. त्यांच्या बोलण्यात स-ष चा भेद पुष्कळदा पुसट होतो, हलका सूर कमी येतो, आणि चीनमध्ये बटाट्याला जो शब्द आहे तोच तिकडे शेंगदाण्याला. पालकांपैकी काहींना सिंगापूरचा माणूस हवा आहे. मॅडमचं म्हणणं, ज्या कानांनी चूक पकडली ते बदलू नयेत. लिहिणं त्यांच्याकडे देऊ नये, एवढंच. सध्या तसंच चालू आहे.

जूनमधल्या तुकडीला पहिले सहा तास एकही रोमन अक्षर दाखवायचं नाही असं ठरलंय. नुसतं ऐकणं, चित्रं आणि पट्टी. सातव्या तासाला फळ्यावर क्यू काढायचा आणि तो कसा वाचायचा ते मुलांना विचारायच्या आधी सांगून टाकायचं.